बटण दाबलं की वाजतो, पण धूर आल्यावर वाजेल का?

प्रश्न: ताई, आम्ही खारघरला चौदाव्या मजल्यावर राहतो. बेडरूमच्या बाहेर पॅसेजमध्ये बॅटरीवाला स्मोक डिटेक्टर आहे, आधीच्या मालकांनी लावलेला. बटण दाबलं की कान किटतील इतका वाजतो. पण परवा फोडणी करपली, सगळे खोकत होतो तरी हा गप्प. सासूबाई म्हणतात बाद झालाय, हे म्हणतात किचनपासून लांब आहे म्हणून. खरं कसं कळणार? अगरबत्ती धरून बघू का?

उत्तर: सासूबाईंची शंका अगदी रास्त आहे, खात्री होईपर्यंत तो बिघडलाय असंच धरून चाला. बटण दाबल्यावर बॅटरी, आतलं सर्किट आणि भोंगा ठीक आहे एवढंच कळतं, बाहेरचा धूर आत शिरतोय का हे बहुतेक मॉडेलमध्ये त्यातून कळतच नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. तुमच्या यजमानांचं म्हणणंही खोटं नाही, एक्झॉस्ट किंवा खिडकीतून धूर बाहेर गेला असेल तर पॅसेजपर्यंत पुरेसा पोचलाच नसेल. पण अंदाजावर सोडू नका.

आधी कोणाला तरी स्टूल धरायला सांगून डिटेक्टर फिरवून खाली काढा आणि मागे छापलेली तारीख बघा. आधीच्या मालकांचा आहे म्हणता, म्हणून हे सगळ्यात महत्त्वाचं. बनवल्यापासून साधारण 10 वर्षं झाली की आतला सेन्सर भरवशाचा राहत नाही, मग कितीही खणखणीत वाजला तरी बदलायचा. तारीख ठीक असेल तर कडेच्या फटींमधली बारीक जाळी टॉर्च मारून बघा. आत एक काळोखी कप्पा असतो, त्यात एका बाजूला एलईडी आणि दुसरीकडे तिचा उजेड थेट पडणार नाही असा सेन्सर, धूर शिरला की उजेड विखुरतो, सेन्सरवर पडतो आणि भोंगा वाजतो. आता त्या जाळीवर बांधकामाची धूळ बसली असेल, कोळ्याने घर केलं असेल, पावसाळ्यातली चिलटं अडकली असतील तर धूर जाणार कुठून? व्हॅक्युम क्लीनरला मऊ ब्रश लावून बाहेरून ओढून घ्या, पाण्याचा हात अजिबात नको.

मग नवी बॅटरी घालून परत लावा आणि खरी टेस्ट करा. त्यासाठी डिटेक्टर टेस्ट करायचाच स्मोक स्प्रे मिळतो, फायर सेफ्टीचं सामान विकणाऱ्यांकडे किंवा ऑनलाइन. डब्यावर लिहिलेल्या अंतरावरून थोडासाच मारायचा आणि थांबायचं, काही सेकंदांत वाजला पाहिजे. नाही वाजला तर दुरुस्तीच्या फंदात न पडता नवा आणा. अगरबत्ती नकोच, तिच्या धुराचा तेलकट थर आत बसतो, शिवाय स्टुलावर उभं राहून हातात जळती वस्तू कशाला? डिओ, हेअर स्प्रेपण नको.

आणि अजून एक करा, हे कोणी करत नाही. सासूबाईंना त्यांच्या खोलीत झोपायला सांगा, दार लावा, पंखा फुल ठेवा, कानाचं मशीन वापरत असतील तर तेही काढून ठेवू दे, आणि मग बटण दाबा. हे भोंगे 3 मीटरवर 85 डेसिबलच्या आसपास वाजतात पण आवाज बारीक आणि तीक्ष्ण असतो, वय झालं की तोच आधी ऐकू येईनासा होतो. त्यांना नाही आलं ऐकू तर त्यांच्या खोलीत दुसरा लावा, एकमेकांना जोडलेले मिळतात ते घ्या, म्हणजे पॅसेजमधला वाजला की त्यांच्या उशाशीपण वाजेल. बटणाची टेस्ट तर दर महिन्याला चालूच ठेवा.

प्रश्न: आम्ही घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहतो. बिल्डरनेच छताला डिटेक्टर दिलेत, त्यांना बटण नाही, लाल लाइट लुकलुकते. म्हणजे चालू आहेत ना?

उत्तर: लाइट लुकलुकते म्हणजे बहुतेक करंट येतोय, बस. हे डिटेक्टर खालच्या फायर पॅनलला जोडलेले असतात, म्हणून स्वतः स्प्रे मारू नका, अख्ख्या बिल्डिंगचा हूटर वाजेल. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे आगीपासून बचावाची यंत्रणा चालू असल्याचं लायसन्सवाल्या एजन्सीचं सर्टिफिकेट, म्हणजे फॉर्म बी, दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. सेक्रेटरींना तो दाखवायला सांगा आणि पुढच्या वेळी एजन्सीचा माणूस आला की माझ्या फ्लॅटमधलापण धुराने तपासा म्हणून आधीच लिहून द्या. घरात नुकतंच पेंटिंग झालं असेल तर आज वर नीट बघा, पेंटर डिटेक्टरवर प्लास्टिकची टोपी घालतात आणि ती तशीच राहते.