सॉफ्टवेअरमधला पेशंट कधी घाबरत नाही

प्रश्न : मॅडम, मी एमबीबीएस थर्ड इयरला आहे. आमच्याकडे कॉम्प्युटरवर केसेस सोडवायला असतात, म्हणजे पेशंटची तक्रार येते, आपण प्रश्न निवडायचे, तपासण्या सांगायच्या आणि शेवटी डायग्नोसिस द्यायचं. त्यात मला कायम ८०च्या वर मार्क पडतात. पण मेडिसिनच्या पोस्टिंगला एका काकांची हिस्टरी घेतली, पंचावन्नचे असतील. छातीत दुखतं का विचारलं तर म्हणाले, छे हो, जरा गॅस धरतो. मी ॲसिडिटी लिहून मोकळा झालो. मग सरांनी काकूंना बाजूला घेऊन विचारलं तर दोन महिने झाले, जिना चढताना मध्येच थांबतात आणि छाती चोळतात! हार्टचंच निघालं आणि सगळ्या बॅचसमोर माझी निघाली ती वेगळीच. काका खोटं का बोलले? आणि हे सॉफ्टवेअर सोडून द्यावं का?

उत्तर : अरे, काका खोटं बोललेच नाहीत. ते आधी स्वतःला सांगत होते, मग तुला सांगितलं. गॅस हा आपल्याकडचा फार सोयीचा शब्द आहे, त्यात ऑपरेशन नाही, खर्च नाही, पोरीचं लग्न पुढं ढकलावं लागत नाही, ओवा खाल्ला की झालं.

लाझारस आणि फोकमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली हे चांगलं मांडलंय. संकट आलं की माणूस एकतर संकटावर काम करतो, नाहीतर त्यामुळे जी भीती वाटते तिच्यावर, आणि बहुतेक वेळा दोन्हीची सरमिसळ असते. काका भीतीवर काम करत होते. हे नाकारणं सरसकट वाईटही नाही हं, ॲडमिट झाल्यावर त्यानेच एखाद्याला रात्री झोप लागते. पण दवाखान्यात यायच्या आधी तेच महागात पडतं कारण हार्टच्या स्नायूला रक्त मिळत नसेल तर मिनिटं मोजायची असतात. आणि कृपा करून लगेच "सर, पेशंट डिनायल स्टेजला आहे" असं प्रेझेंट करू नकोस. कुब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंच्या त्या पाच पायऱ्या (नाकारणं, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार) १९६९च्या, मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून मांडलेल्या, लोक काही त्या क्रमाने चढत नाहीत.

आता सॉफ्टवेअर. सोडू नकोस. इंग्लंडमध्ये लीड्सला द डोंबाल नावाच्या सर्जननी १९७२ साली पोटात अचानक दुखणाऱ्या ३०४ पेशंटवर कॉम्प्युटर लावून पाहिला, त्याचं निदान ९१.८ टक्के बरोबर आलं आणि टीममधल्या सगळ्यात सीनियर डॉक्टरांचं ७९.६. लोक एवढाच आकडा सांगतात, पण मला पुढची गोष्ट जास्त आवडते. कॉम्प्युटरला माहिती द्यायची म्हणून डॉक्टरांना ठरलेला फॉर्म पूर्ण भरावा लागायचा, म्हणजे सगळे प्रश्न विचारावेच लागायचे आणि आपलं कुठे चुकलं तेही कळायचं, त्यामुळे डॉक्टरांचं स्वतःचं निदानच सुधारलं, आणि प्रयोग थांबल्यावर परत घसरलं! म्हणजे तुझ्या त्या केसेसमधून सवय लागते, पहिल्याच शब्दाला गाठ मारून न बसण्याची. तू "गॅस" ऐकलंस आणि वही मिटलीस, तिथं सॉफ्टवेअरचा काय दोष.

फक्त त्यातला पेशंट घाबरत नाही. क्लिक केलं की खरं उत्तर देतो, त्याची बायको शेजारी उभी नसते. म्हणून तर बॅरोज नावाच्या न्यूरॉलॉजिस्टनी १९६३मध्ये लॉस एंजेलिसला चक्क धडधाकट माणसांना पेशंटची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवलं. तुम्ही हे हॉस्टेलवर फुकट करू शकता. मित्राला केस वाचू दे, त्याने एक लक्षण लपवायचं, पण लपवायला कारण हवं (भाऊ हार्टनेच गेला, नोकरी जाईल, काहीही), आणि तू ते कारण शोधायचं. २०१९पासून तुमच्या अभ्यासक्रमात ॲटकॉम (डॉक्टरची वागणूक, नीतिमत्ता आणि पेशंटशी बोलणं शिकवणारा भाग) आलंय ते याचसाठी, तिथं मागच्या बाकावर झोपा काढू नका.

आणि वॉर्डात "छातीत दुखतं का" असं हो-नाहीचं विचारू नकोस. "गॅस कुठं धरतो, हात ठेवून दाखवा" म्हण. कुणी बोटाने बेंबीच्या वर दाखवेल, कुणी मूठ छातीच्या मधोमध दाबेल, मूठ दिसली की ॲसिडिटी लिहायची घाई नको. मग "पूर्वी करत होतात आणि हल्ली टाळता असं काय आहे?" जिना, बाजाराची पिशवी, शेतावरची फेरी, सगळं आपोआप बाहेर येतं. आणि "तुम्हाला स्वतःला काय वाटतं, कशानं होतंय?" हे विचारल्यावर गप्प बस, खरंच गप्प. नातेवाइकांना विचारायचं तर पेशंटला सांगून विचार, पाठीमागे विचारलेलं त्यांना कळतं आणि मग ते तुलाही काही सांगत नाहीत.

काका अजून वॉर्डात असतील तर चक्कर मार. वही नको नेऊस. जेवलात का विचार, आणि गॅस कसा आहे तेही विचार, बघू काय म्हणतात.