आधुनिक स्लोव्हाक कवितेत शहर आणि पॅनेलच्या (काँक्रीटच्या तयार भिंतींच्या) वसाहती कशा दिसतात?

उशिरा दिसतात. तिथल्या कवितेचा जीव बराच काळ गाव, डोंगर आणि आईच्या अंगणात अडकलेला होता. मिलान रूफुस हे त्यातलं मोठं नाव. १९५९ साली मिरोस्लाव वालेकचा ‘डोटिकी’ हा संग्रह आला आणि आधुनिक माणसाचा एकटेपणा ठळक झाला. साठच्या दशकात इव्हान श्ट्रप्का आणि त्याच्या ‘एकाकी धावपटू’ या गटाने कम्युनिस्ट राजवटीच्या सरकारी आशावादाकडे पाठ फिरवली. सत्तरच्या दशकात त्यांच्यावर छपाईबंदी आली, हे ओघाने आलंच.

वसाहत म्हटलं की राजधानी ब्रातिस्लाव्हातलं, डॅन्यूब नदीपलीकडचं पेट्रझाल्का. १९७३ पासून जुनं गाव बहुतांशी पाडून तिथे काँक्रीटच्या तयार भिंती जोडून इमारती उभ्या केल्या. आज लाखभर लोक राहतात. भिंत पातळ, शेजाऱ्याचं खोकणंसुद्धा ऐकू येणार. मला वाटतं, असं घर कवीला एकांत देत नाही आणि सोबतही देत नाही. याना बेन्योव्हा मूळची कवयित्री, पण पेट्रझाल्का तिने सर्वांत धारदार उभं केलं ते कादंबरीत. कवितेपासून सुरुवात करायची असेल तर आधी श्ट्रप्का वाचा.