सेल्फ-सर्व्ह कार वॉशमधला फोम ब्रश टायमर संपल्यावरही गळत राहतो. अख्खं युनिट बदलावं लागेल का?

तुम्ही ओहायोत चार बे (गाडी धुण्याचे कप्पे) असलेलं कार वॉश चालवायला घेतलंय, दोन नंबरच्या बेमधला ब्रश रात्रभर ठिबकतो, सकाळी खाली फेसाचं डबकं असतं आणि मेकॅनिक युनिट बदला म्हणतोय. इतक्यात बदलू नका. मी इथे याच मशिनरीच्या देखभालीचं काम करतो. एकाच बेमध्ये गळती असेल तर दोष बहुतेक वेळा एखाद्या चिमुकल्या व्हॉल्व्हमध्ये निघतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. टायमर संपल्यावर मिनिट-दोन मिनिटं ब्रशमधून फेस येणं हा बिघाड नव्हे. नळीत साबणासोबत दाबलेली हवा असते. पुरवठा थांबला तरी ती फुगत राहते आणि उरलेला फेस बाहेर ढकलते. शिवाय डोक्यावर नळी धरणाऱ्या दांड्यापासून (बूम) ब्रशपर्यंतच्या नळीत जे साठलेलं असतं तेही खाली उतरतं. तक्रार त्यानंतरच्या थेंबांची.

ते थेंब हातावर घ्या. साधं, बुळबुळीत न लागणारं पाणी असेल तर साबणाच्या व्हॉल्व्हला दोष देऊ नका. थंडीत नळ्या गोठू नयेत म्हणून तुमच्याकडे मुद्दाम पाण्याची बारीक धार सोडणारी ‘वीप’ यंत्रणा असेल, आणि काही ठिकाणी ती फोम ब्रशच्या लाइनलाही जोडलेली असते. कडाक्याच्या थंडीत ती चालूच राहिली पाहिजे. पाणी वाया जातंय म्हणून बंद केलीत तर सकाळी फुटलेली नळी बदलत बसाल. मात्र उन्हाळ्यातही पाणी येत असेल तर वीपचा व्हॉल्व्ह किंवा त्याचा थर्मोस्टॅट अडकलाय.

थेंब साबणाचे असतील (तुमच्या वर्णनावरून तेच दिसतंय) तर इक्विपमेंट रूममध्ये जा. साबणाचा पंप आणि हवा दोन्ही बंद करा, बेचं बटण चालू करून लाइनमधला दाब जाऊ द्या, डोळ्यांवर गॉगल घाला. मग दोन नंबरच्या बेच्या सोलेनॉइडपासून (विजेने उघडणारा व्हॉल्व्ह) ब्रशकडे जाणारी नळी काढा आणि सोलेनॉइडचं तोंड बादलीवर येईल असं बघून फक्त पंप चालू करा. बटण बंद असतानाही बादलीत साबण पडतोय? मग सोलेनॉइड पूर्ण मिटत नाहीये. बादली कोरडी राहिली तर दोष पुढे आहे, इथे वेळ घालवू नका.

सोलेनॉइड मिटत नाही याची कारणं बहुधा दोन: एकतर त्याला वीज मिळतेच आहे, नाहीतर आत कचरा आहे किंवा रबर खराब झालंय. विजेचं लगेच कळतं. कॉइलच्या (सोलेनॉइडवरचं तारेचं वेटोळं) डोक्याला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावा. बटण बंद असूनही ते ओढलं जात असेल तर बहुधा रिले (कॉइलला वीज देणारा स्विच) चिकटलाय. मीटर असेल तर कॉइलच्या तारांवर व्होल्टेज बघा; या कॉइल बहुधा २४ व्होल्ट एसीच्या असतात. पॅनेलमधल्या मोटारीच्या वायरिंगला मात्र हात लावू नका, तिथलं व्होल्टेज जीवघेणं असतं.

वीज नसेल तर पंप पुन्हा बंद करून, दाब काढून व्हॉल्व्ह उघडा. डायफ्रामचा प्रकार असेल तर झाकणाखाली रबराची चकती दिसेल आणि तिच्या कडेला सुईच्या टोकाएवढं भोक. खरी मेख या भोकात आहे. त्यातून चकतीच्या वर दाब पोहोचतो आणि त्या दाबानेच व्हॉल्व्ह बंद होतो. भोक बुजलं की वर दाब जात नाही, व्हॉल्व्ह उघडाच राहतो. चकती उजेडात धरा. भोकातून उजेड दिसला पाहिजे. बसायच्या जागेवर साबणाचा पिवळट, मेणासारखा थर असेल तर कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने काढा, चाकूने खरवडू नका. रबर फुगलं असेल किंवा त्यावर गोल खाच पडली असेल तर रिपेअर किट टाका. बसवताना बॉडीवरचा बाण प्रवाहाच्या दिशेनेच हवा.

हा थर कुठून आला तेही शोधा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. सॉफ्टनरमधलं (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) मीठ संपलं की जड पाण्यातला कॅल्शियम साबणाशी मिळून असा चिकटा तयार होतो. टाकीचा तळ आणि पंपाच्या ओढीवरची जाळी दोन्ही बघून घ्या.

बादली कोरडी राहिली असेल तर चेक व्हॉल्व्ह बघा, म्हणजे प्रवाह उलटा जाऊ न देणारा, आपल्याकडचे प्लंबर ज्याला एनआरव्ही म्हणतात तो. वीपची लाइन जोडलेली असेल तर तिच्यातलं पाणी नळीतला जुना साबण धुऊन आणतं आणि थेंब बुळबुळीत लागतात, हेही तपासा. हवेच्या बाजूच्या चेक व्हॉल्व्हचं एक लक्षण हमखास: हवेच्या पारदर्शक नळीत साबण दिसतो. तो दिसला तर आजच बदला, कारण तोच साबण मागे जाऊन हवेचा दाब ठरवणारा रेग्युलेटर खराब करतो.

ब्रशच्या केसांतून न गळता हँडलच्या सांध्यातून गळत असेल तर हे सगळं सोडा. स्विव्हलची (फिरणारा सांधा) ओ-रिंग, म्हणजे रबराची कडी, बदला आणि आट्यांवर टेफलॉन टेप लावा. लोक ब्रश जमिनीवर आपटतात, त्यामुळे प्लॅस्टिकला केसासारखी बारीक चीर गेलेली असते. तिला गम लावून काही होत नाही, हँडलच नवं घ्या.

सुटे भाग मागवण्याआधी सोलेनॉइडच्या बॉडीवरचा पार्ट नंबर आणि कॉइलवरचं व्होल्टेज यांचा फोटो काढून ठेवा. रबर कशाचं आहे हेही विक्रेत्याला विचारा: अल्कधर्मी साबणाला ईपीडीएम हे कृत्रिम रबर चालतं, पण साबणात पेट्रोलियम सॉल्व्हंट असेल तर तेच रबर फुगतं. एवढं करूनही थेंब थांबले नाहीत तर बादलीच्या चाचणीत काय दिसलं ते खाली लिहा.