चोरीचा माल नकळत घेणाऱ्याला मराठीत काय म्हणायचं?

डिचोलीच्या एका ताईंनी विचारलंय. भावाने म्हापशात दुकानातून सेकंडहँड मोबाईल घेतला, बिलासकट, आणि सहा महिन्यांनी पोलीस आले, चोरीचा आहे म्हणाले नि घेऊन गेले. आता अर्ज लिहायचाय, पण "चोरीचा माल घेणारा" लिहिलं की भाऊच चोर वाटतो, मग दुसरा शब्द कुठला?

ताई, तुम्हाला खटकलं ते बरोबरच आहे. आपल्या पेपरात जाणूनबुजून माल घेणाऱ्यालाही हेच म्हणतात आणि फसलेल्या गिऱ्हाइकालाही हेच, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. कायदा मात्र दोघांत फरक करतो. भारतीय न्याय संहितेचं 317 कलम (आधीच्या भारतीय दंड संहितेचं, म्हणजे आयपीसीचं 411) लागतं ते माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला कारण असताना बेइमानीने घेतला तरच.

बरेच जण "अजाण खरेदीदार" सुचवतील, मला तो पटत नाही. नुसतं माहीत नसणं पुरत नाही, कारण तीस हजाराचा फोन कोणी रात्री रस्त्यावर तीन हजाराला देत असेल तर घेणाराही "मला कुठे माहीत होतं" असंच म्हणणार ना. जुना धर्मशास्त्रकार याज्ञवल्क्य, त्याने हे फार छान पकडलंय, चोरून, भलत्या वेळी, पडेल भावात, असला माल नसणारच अशा माणसाकडून घेतला तर घेणाराच चोर. म्हणून मी "सद्भावी खरेदीदार" म्हणेन. सद्भाव म्हणजे माहीत नव्हतं, आणि शिवाय जेवढी चौकशी करायची तेवढी केली. आपल्याकडे गोव्यात अजून काही बाबतीत चालणाऱ्या 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्यात "बोआ फे" (म्हणजे चांगला हेतू, सद्भाव) आहे ते याच्याच जवळचं, जुन्या वकिलांच्या तोंडी अजून ऐकू येतं. आणि जमिनीच्या खोट्या कागदपत्रांसाठी 2022 मध्ये गोव्यात एसआयटी, म्हणजे पोलिसांचं विशेष तपास पथक, नेमलं तेव्हापासून तर प्लॉट घेऊन फसलेल्यांसाठीही हाच शब्द लागतो.

या सगळ्या प्रकाराला आपल्याकडे जुना शब्द आहे, अस्वामिविक्रय, म्हणजे मालक नसलेल्याने केलेली विक्री, मनूच्या अठरा व्यवहारपदांतलं, म्हणजे खटल्यांच्या प्रकारांतलं, तिसरं. ज्याची वस्तू गेली तो नाष्टिक, आणि ज्याच्याकडून तुम्ही घेतली तो "मूल". मूल दाखवलं की घेणारा सुटला, वस्तू मालकाला, दंड राजाला आणि घेणाऱ्याला पैसे परत त्या विकणाऱ्याकडून. आजचा 1930 चा माल विक्री कायदाही तसाच आहे, जे आपलं नाही ते विकता येत नाही म्हणून साधारणपणे वस्तू मालकाची, आणि तुमचा दावा दुकानदारावर. म्हणून अर्जात "नुकसान भरपाई" मोघम लिहू नका, "किंमत परत" लिहा, आणि कोणाकडून ते नावानिशी लिहा.

विकणारा सापडलाच नाही तर? इथे बृहस्पती हा दुसरा जुना स्मृतिकार मला आजही जास्त न्यायाचा वाटतो. उघड बाजारात घेतलं असेल तर मालकाने अर्धी किंमत देऊन वस्तू न्यावी, अर्धं नुकसान याचं अर्धं त्याचं, कारण एकाने नीट सांभाळली नाही नि दुसऱ्याने अनोळखी माणसाकडून घेतली. आजच्या कायद्यात असं सरळ अर्धं-अर्धं नाही. पण विकणारा सापडला तर एक वाट आहे. जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) 453 कलमात (नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते आहे) त्या विकणाऱ्याला चोरीसाठी किंवा चोरीचा माल घेतल्यासाठी शिक्षा झाली आणि अटकेच्या वेळी त्याच्याकडे पैसे सापडलेले असले, तर वस्तू मालकाला परत गेल्यावर त्यातून निर्दोष खरेदीदाराला त्याची किंमत देता येते. त्यासाठी कोर्टात अर्ज मात्र तुम्हालाच करावा लागतो.

तर अर्जात असं लिहा: "सदर मोबाईल मी दुकानातून, दिवसा, चालू भावाने, बिल घेऊन सद्भावनेने खरेदी केला." दिवसा आणि चालू भावाने हे दोन शब्द गाळू नका, बिलाची झेरॉक्स जोडा आणि जप्ती पंचनाम्याची प्रत मागून घ्या.