‘ऑपरेशन झालं, मग दिसत का नाही?’

डोळ्याला जबर मार लागलेल्या माणसाच्या घरचे समुपदेशनासाठी माझ्यापुढे बसले की पहिला प्रश्न ठरलेला. डॉक्टर ‘छान झालं’ म्हणतात, पट्टी निघाली, आणि समोर नुसतं धुकं.

एक फिटर, बत्तीस वर्षांचा. ठोकून ठोकून माथा पसरलेल्या छिन्नीवर हातोडा मारला आणि लोखंडाची कपची बुबुळ फाडून आत गेली. त्याच रात्री केसाहून बारीक नायलॉनचे टाके पडले. चार दिवसांनी कपची, मोतीबिंदू आणि आतला रक्ताळलेला जेल काढून, सुटलेला पडदा जागेवर बसवून, तो तिथेच धरून ठेवायला सिलिकॉन तेल भरलं.

“पहिलं फसलं म्हणून दुसरं केलं ना, मॅडम?”

“नाही दादा. पहिलं फुटलेला डोळा बंद करायला. उघडा राहिला तर जंतू शिरतात. नजरेचं काम दुसऱ्यापासून.”

मग न दिसण्याची कारणं एकेक सांगितली: टाक्यांनी बुबुळ ओढलं जातं, मोतीबिंदूसोबत डोळ्यातलं भिंग काढलंय, तेलामुळे नंबर बदलतो. तेल साधारण तीन ते सहा महिन्यांनी निघतं. पडद्याचा मधला भाग सुटला होता का, हे डॉक्टरांना विचाराच; बारीक अक्षरं वाचता येतील की नाही, हे बरंचसं त्यावर असतं. मी आशा वाटत नाही, मोजमाप देते.

तरी तो गप्पच. तिसऱ्या भेटीत बायको म्हणाली, “चहा ओतला तो कपाबाहेर. तेव्हापासून खोलीतच आहेत.”

तो पुटपुटला, “कपाचा अंदाज नाही, मी फिटर कसला?”

तोवर मी डोळ्याबद्दल बोलत होते, त्याच्या मनात हात होते. त्याला नजरेइतकाच अंतराचा अंदाज हवा होता. एका डोळ्याने अंतर चुकतं, पण मेंदू काही महिन्यांत नव्या खुणा शिकतो. पातेल्याची कड कपाच्या काठाला टेकवायची, मगच ओतायचं. पायरी आधी पायाने चाचपायची. दुचाकी आणि यंत्रं डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. तो तिथेच रिकाम्या पेल्यात पाणी ओतत बसला. नऊ वेळा. दहाव्यांदा हसला.

एक गोष्ट मात्र घरच्यांना लिहूनच देते: चांगला डोळा लाल झाला, उजेड सोसेना, धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी यायचं. जखमी डोळ्यामुळे दुसऱ्या डोळ्याला सूज येणं क्वचितच घडतं, पण आठवड्यांनी काय, वर्षांनीही घडू शकतं.

आधी त्याला जखमी डोळ्याने फक्त हात हललेला कळायचा. तेल निघालं, कॉन्टॅक्ट लेन्स बसली. आता नजर तपासायच्या तक्त्यावरची वरून तिसरी ओळ वाचतो. वर्कशॉपमधल्या सगळ्या छिन्न्यांचे माथे त्याने मालकाकडून घासून घेतलेत.