रिकामा रकाना

फैजपूर, रविवार

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. समुद्रात 100, 150 आणि 200 मीटर खोलीवरून पाणी घेतलेल्या तिन्ही बाटल्यांत हवेचा बुडबुडा राहिला, आणि सोबतची मुलं म्हणतात, वरखालचे आकडे बघून मधले भरून टाक. यात विचारायचं काय? रकाना रिकामा ठेव.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत 1888 सालची. तुला ती मीच शिकवली. बुडबुड्यातला ऑक्सिजन पाण्यात उतरला की आकडा फुगतो, हे तुला पाठ आहे. आणि बाटल्या कुठल्या? अरबी समुद्रात दीडशे मीटरच्या आसपास ऑक्सिजन जो घसरतो, तो हजारेक मीटरपर्यंत अगदी कमीच राहतो. नेमकं जिथे वळण, तिथे तू सरळ रेघ ओढणार! ते वळण बघायलाच जहाज गेलं होतं ना?

रागावलो, कारण मी हे केलंय. भुसावळजवळ तापीकाठी सहा वर्षं रोज सकाळी बाटली भरायचो. एका मे महिन्यात वडील दवाखान्यात होते, एकोणीस दिवसांचा खाडा पडला. अहवाल द्यायचा होता. आकडे अंदाजाने भरले, त्याच निळ्या शाईने. तापीचं पाणी मला ठाऊक होतं, अंदाज फार चुकला नसेल, असं मला आजही वाटतं. पण बऱ्याच वर्षांनी वही उघडली तर तो मे कुठल्या सालचा, हेच आठवेना. एकोणीस दिवसांपायी सहा वर्षांची वही कपाटात पडून आहे. रकाना रिकामा ठेवायला हवा होता.

आर्गो या जगभरच्या समुद्रमोजणी प्रकल्पाचे फ्लोट, म्हणजे आपोआप मोजणारी तरंगती यंत्रं, दर दहा दिवसांनी 2000 मीटरवरून मोजत वर येतात. त्यांच्या प्रत्येक आकड्याला खूण असते: 1 म्हणजे चांगला, 4 म्हणजे वाईट, 9 म्हणजे नोंदच नाही. एवढा मोठा कारभार ‘नाही’ लिहायला लाजत नाही, मग तू का लाजतेस?

‘रावेरच्या केळीतून आलेली, म्हणून मला कच्ची समजतील,’ असं लिहिलंयस. अगं, व्यापाऱ्याने घडाचं वजन नजरेने धरलं तर तुझे बाबा ऐकून घेतात का? काट्यावर टाक म्हणतात. तू त्या घरची आहेस.

तीन ओळींपुढे ‘बुडबुडा’ एवढंच लिही, खाली तारीख आणि सही. रकाना रिकामाच. पानाचा फोटो मला आजच पाठव. आणि बोटीवर उपाशी राहू नकोस, रिकाम्या पोटी जास्त मळमळतं.

तुझे सर