नाटकात पडद्यामागच्या लोकांना नीट मानधन मिळावं म्हणून सोशल डिझाइनचा काय उपयोग?

होतो की, आणि लई साधा होतो. सोशल डिझाइन म्हणजे काम ठरवायची पद्धतच त्या कामातल्या लोकांना सोबत बसवून बदलणं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा अख्खं कोल्हापूर हळहळलं, ते बरोबरच, शाहू महाराजांच्या काळातली वास्तू, पण लाइटवाल्या, नेपथ्य उचलणाऱ्या पोरांचे पैसे तोंडीच ठरतात त्याचं कुणाला काय वाटत नाही.

तालमीच्या पहिल्याच व्हॉट्सॲप मेसेजमध्ये लिहा, मानधन किती, कधी मिळणार, सुटणार किती वाजता, रात्री घरी कोण सोडणार. आकडा आधीच समोर असला की नवख्या पोरीला मागायला लागत नाही, आणि मागायची भीती हीच खरी अडचण आहे. फक्त हा मेसेज निर्मात्यानं एकट्यानं ठरवू नये, बॅकस्टेजवाल्यांना विचारूनच करा.